फ्लॅटलँडचे हेडमास्तर

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर काही पुस्तकं अशी असतात की ती कुणाच्याच मालकीची नसतात. या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतात, कव्हर फाटतं, मधली पानं सुटतात, पण पुस्तक जिवंत राहतं. 'फ्लॅटलँड' हे आमच्याकडचं असंच एक पुस्तक. संपूर्ण सपाट जगात राहणारा एक चौकोन, त्याला एके दिवशी भेटणारा गोल, आणि तिसरी मिती समजून घेताना चौकोनाची उडालेली भंबेरी. १८८४ साली लिहिलेलं हे चिमुकलं पुस्तक अजूनही गणितवाले आणि इंजिनिअर मंडळी एकमेकांना आग्रहानं वाचायला देतात. लेखकाचं नाव मूळ आवृत्तीवर होतं 'एक चौकोन'. हा कुणीतरी गणिताचा प्रोफेसर असणार असं आम्ही धरूनच चाललो होतो.

लंडनला येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं की तो गणिताचा प्रोफेसर नव्हता. तो मुलांच्या एका शाळेचा हेडमास्तर होता आणि त्याचा खरा ध्यास होता इंग्रजी शिकवणं! एडविन अ‍ॅबट अ‍ॅबट (आडनाव दोनदा, छपाईची चूक नाही) हे त्यांचं नाव. टेट मॉडर्न या कलादालनाकडून मिलेनियम ब्रिजवरून सेंट पॉलच्या दिशेनं चालत गेलात, तर पूल संपताना डाव्या हाताला नदीकाठी एक शाळा दिसते. सिटी ऑफ लंडन स्कूल. ही तिची तिसरी जागा. अ‍ॅबटसाहेब १८६५ ते १८८९ अशी चोवीस वर्षं या शाळेचे हेडमास्तर होते.

त्यांच्याबद्दल शोधाशोध करायला कारण घडलं ते घरातच. चिरंजीव दहावी-अकरावीच्या वयाचे. इथल्या मुलांच्या एका शाळेत शिकतात. सराव परीक्षेत त्यानं इंग्रजीत एक वर्णनात्मक निबंध लिहिला: पावसाळ्यातला एसटी स्टँड. ४० पैकी २२ मार्क मिळाले. त्याला ते पटेनात, म्हणून त्यानं तोच पेपर दुसऱ्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवला. त्यांनी दिले ३१. दोघेही अनुभवी, दोघेही सज्जन, दोघांच्या हातात गुणदानाचा एकच तक्ता. संध्याकाळी पोरगा मला विचारतो, "बाबा, मग माझं इंग्रजी खरं किती चांगलं आहे?"

माझी हयात मोजमापाच्या उपकरणांत गेली. एकाच शाफ्टचा व्यास दोन माणसांनी मोजला आणि एकाला २२ मिलिमीटर, दुसऱ्याला ३१ आला, तर आम्ही शाफ्टबद्दल काही बोलत नाही, आधी मायक्रोमीटर तपासतो. म्हणून म्हटलं, हा मायक्रोमीटर कुणी आणि कसा बनवला ते बघू या. शोधता शोधता थेट चौकोनाच्या दारात जाऊन पोचलो.

आता पहिली गंमत बघा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या चांगल्या शाळांमध्ये इंग्रजी हा विषयच नव्हता म्हटलं तरी चालेल. इथं 'ग्रामर स्कूल' म्हणतात त्यातलं ग्रामर हे इंग्रजीचं नव्हे, लॅटिन आणि ग्रीकचं. लीड्सच्या ग्रामर स्कूलच्या विश्वस्तांना फ्रेंच, जर्मन, गणित असे नवे विषय सुरू करायचे होते. प्रकरण कोर्टात गेलं. १८०५ साली लॉर्ड एल्डन यांनी निकाल दिला की ग्रामर स्कूलच्या देणगीचा हेतू व्याकरणासह प्राचीन भाषा शिकवणं हा आहे, तो पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही. त्यासाठी आधार घेतला डॉ. जॉन्सनच्या शब्दकोशातल्या व्याख्येचा! पुढे १८४० साली कायदा करून हे बंधन सैल करावं लागलं. तोवर विचार साधा होता: इंग्रजी काय, पोरगं आईकडून शिकतंच की. आपल्याकडे 'मराठीचा कसला अभ्यास करायचा, ती तर येतेच' म्हणतात, अगदी तसं.

म्हणजे शेक्सपिअरच्या देशात शेक्सपिअर शाळेत नव्हता. होमर होता, व्हर्जिल होता.

दुसरी गंमत याहून मोठी आणि आपल्या जवळची. इंग्रजीला परीक्षेत मोठं वजन मिळालं ते कशामुळे, तर हिंदुस्थानामुळे. कंपनी सरकारची वशिल्याची भरती बंद करून सनदी नोकरांसाठी खुली स्पर्धा परीक्षा घ्यायची असं ठरलं. १८५४ साली मेकॉलेच्या समितीनं तिचा आराखडा केला आणि १८५५ साली पहिली परीक्षा झाली. त्या आराखड्यात एकूण गुण ६८७५. ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, गणिताला १०००, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. आणि इंग्रजी निबंध, भाषा-वाङ्मय व इतिहास मिळून तब्बल १५००! ग्रीक आणि लॅटिनची बेरीज करा, तेवढे. नोकरी चांगली, पगार घसघशीत आणि वर पेन्शन. ज्या विषयाला मार्क असतात तो विषय शिकवला जातो, हा नियम टॉवर ब्रिजपासून टिळक रोडपर्यंत सगळीकडे सारखाच आहे. आपल्या पूर्वजांवर राज्य करायला माणसं निवडायची होती, म्हणून इंग्रजांच्या पोरांना इंग्रजीत मार्क मिळवायची वेळ आली.

त्याच सुमाराला शाळकरी मुलांसाठीही बाहेरच्या परीक्षा सुरू झाल्या. १४ डिसेंबर १८५८ रोजी केंब्रिज विद्यापीठाची पहिली 'लोकल' परीक्षा झाली. फक्त मुलगे, ३७० उमेदवार. परीक्षक आगगाडीनं लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टल अशा गावी जायचे, अंगात विद्यापीठाचा झगा आणि बरोबर प्रश्नपत्रिकांची कुलूपबंद पेटी. मोठ्यानं वाचन, शुद्धलेखन, उताऱ्यातल्या शब्दांचं व्याकरण चालवणं, वाक्यपृथक्करण... यादी वाचताना मला आमच्या तालुक्याच्या शाळेतला आठवीचा वर्ग दिसायला लागला. पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. पास झालेल्या मोजक्या मुलांत एक महादेव गोविंद रानडे होते. म्हणजे इंग्रज मुलाची इंग्रजीची परीक्षा आणि मराठी मुलाची इंग्रजीची परीक्षा यांच्यात एका वर्षाचं अंतर!

तर अशा काळात अ‍ॅबट हेडमास्तर झाले. वय अवघं २६. ते स्वतः याच शाळेचे माजी विद्यार्थी, केंब्रिजला ग्रीक-लॅटिनमध्ये पहिले आलेले. शाळा मुळात जुन्या देणगीतून निघालेली. जॉन कारपेंटर नावाच्या लंडनच्या टाऊन क्लार्कनं १४४२ च्या सुमाराला गरीब मुलांच्या शिक्षणासाठी जमीन ठेवली होती, तिच्या उत्पन्नातून १८३७ साली चीपसाइडजवळच्या मिल्क स्ट्रीटवर ही शाळा उघडली. व्यापारी, वकील, दुकानदारांची मुलं इथं यायची. धर्मपंथाची अट नव्हती, त्यामुळे ज्यू मुलंही असत. शेक्सपिअरची हवा इथं आधीपासून थोडी होती, कारण हेन्री बोफॉय नावाच्या एका गृहस्थांनी शेक्सपिअरच्या अभ्यासासाठी बक्षिसं ठेवली होती. बोफॉय हे व्हिनेगरचे कारखानदार. इंग्रजी वाङ्मयाला शाळेत पहिलं विरजण व्हिनेगरवाल्यानं लावलं असं म्हणायला हरकत नाही.

अ‍ॅबटनी ठरवलं की शेक्सपिअर हा बक्षिसापुरता राहायचा नाही, तो वर्गात शिकवायचा. आणि शिकवायचा तो होमर-व्हर्जिल शिकवतात तितक्याच काटेकोरपणे. पण शिकवायचं कशाच्या आधारावर? ग्रीकला व्याकरणाची पुस्तकं होती, टीपा होत्या, शेक्सपिअरला शाळेसाठी तसं काही नव्हतं. मग १८६९ साली त्यांनी स्वतःच 'शेक्सपिअरियन ग्रामर' लिहिलं. पाचशेहून जास्त कलमांचं पुस्तक. त्यातला मुद्दा असा की शेक्सपिअरची वाक्यं आज विचित्र वाटतात ती तो व्याकरणात चुकला म्हणून नाही, तर त्याच्या काळचं व्याकरण निराळं होतं म्हणून. ज्ञानेश्वरी वाचताना आपल्यालाही हेच करावं लागतं. 'इये मऱ्हाटीचिये' हे अशुद्ध नाही, ते त्या मराठीचं शुद्ध रूप आहे. एवढं समजलं की भाषेकडे बघायची नजरच बदलते. हे पुस्तक पुढे पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासक वापरत राहिले.

मग तर हेडमास्तरांनी पुस्तकांचा धडाकाच लावला. १८७१ मध्ये 'इंग्लिश लेसन्स फॉर इंग्लिश पीपल', म्हणजे इंग्रज लोकांसाठी इंग्रजीचे धडे! सहलेखक जे. आर. सीली, तेही याच शाळेचे माजी विद्यार्थी आणि काही काळ शिक्षक. (पुढे साम्राज्याच्या विस्तारावर पुस्तक लिहून गाजले ते हेच सीली.) १८७२ मध्ये 'स्वच्छ कसं लिहावं' या अर्थाचं पुस्तक. १८७४ मध्ये शब्दांच्या जाती ओळखण्यावर आणि १८७५ मध्ये शब्दांचं व्याकरण कसं चालवावं यावर. शेवटच्या पुस्तकाचं उपशीर्षकच सांगतं की विद्वत्तेची तत्त्वं इंग्रजी व्याकरणाला लावून बघण्याचा हा प्रयत्न आहे. इकडे १८७४ मध्येच विष्णुशास्त्री चिपळूणकर पुण्यात 'निबंधमाला' सुरू करत होते. ते इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायचे असं आपण ऐकत आलो. खुद्द वाघिणीच्या घरी मात्र त्याच वेळी एक हेडमास्तर बछड्यांना ते दूध वाटीनं कसं पाजावं याच्या खटपटीत होता.

'स्वच्छ कसं लिहावं'च्या प्रस्तावनेत अ‍ॅबट एक गोष्ट मांडतात आणि माझ्या मते सगळ्या इतिहासाची किल्ली तिथं आहे. ते म्हणतात (सारांश माझा) की निदान शब्दांच्या रचनेपुरतं स्वच्छ लिहायला जवळजवळ कुठल्याही मुलाला शिकवता येतं, कारण ते नियमात बसवता येतं. जोर, डौल, वैविध्य या गोष्टी शिकवायलाही अवघड आणि शिकायला त्याहून अवघड. म्हणून पुस्तकात त्यांनी पन्नासाहून जास्त नियम दिले, पण ते मुख्यतः स्वच्छतेसाठी.

इंजिनिअरला हे फार आवडतं. काय मोजता येतं आणि काय येत नाही, हे आधीच सांगून मोकळं व्हायचं!

शाळेतून निघालेली मुलंही बघा. सिडनी ली, ज्यांनी पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचं संपादन केलं आणि १८९८ मध्ये शेक्सपिअरचं चरित्र लिहिलं. ए. एच. बुलेन, जुन्या इंग्रजी नाटककारांचे संपादक. हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ, १९०८ ते १९१६ पंतप्रधान. सेसिल बेंडॉल, ज्यांना शाळेतच संस्कृतची गोडी लागली आणि जे १९०३ मध्ये केंब्रिजला संस्कृतचे प्राध्यापक झाले. एका शाळेच्या मानानं पीक वाईट नाही.

१८८३ मध्ये शाळा मिल्क स्ट्रीटच्या गर्दीतून नदीकाठच्या नव्या इमारतीत आली आणि पुढच्याच वर्षी हेडमास्तरांनी टोपणनावानं 'फ्लॅटलँड' छापलं. हे सगळं कळल्यावर मी ते पुस्तक परत वाचलं, आणि होस्टेलवर न दिसलेलं बरंच काही दिसलं. अहो, हे पुस्तक परीक्षांबद्दल आहे! त्या सपाट जगात माणसाची लायकी त्याच्या बाजू आणि कोन मोजून ठरते. समद्विभुज त्रिकोण खालचे, चौकोन प्रतिष्ठित पेशातले गृहस्थ, बहुभुज सरदार, आणि वर्तुळं सगळ्यांत वर. शाळेत मुलांना हात लावून कोन ओळखायला शिकवतात. त्यासाठी हलक्या जातीचे टोकदार त्रिकोण नमुना म्हणून वर्गात ठेवलेले असतात, आणि काही शाळा त्यांना खायलाच घालत नाहीत, दर महिन्याला नवे आणतात. वेंटब्रिज नावाचं विद्यापीठ आहे (केंब्रिजवरचा विनोद), तिथली शेवटची परीक्षा नापास झालेल्या बहुभुजांचे हाल कुत्रं खात नाही. वर्षानुवर्षं मुलांना परीक्षांना बसवणाऱ्या हेडमास्तरानंच हे लिहावं! आणि त्यातला तो रेषेवरचा राजा आठवा, ज्याला लांबीशिवाय दुसरं काही असतं हेच मान्य नसतं. मार्कांची यादी हातात घेतलेला मी आणि तो राजा, यांत फरक तो काय?

असो. अ‍ॅबट ५० व्या वर्षी निवृत्त झाले, धर्मशास्त्रावर पुस्तकं लिहीत राहिले आणि १९२६ मध्ये वारले. पण इंग्रजी शाळेत एकदा आली ती आलीच. आता प्रश्न राहिला मोजण्याचा.

परीक्षांना काय आवडतं? जे निर्विवाद तपासता येतं ते. त्यामुळे अ‍ॅबटच्या मांडणीतला नियमांचा अर्धा भाग परीक्षांनी मिठी मारून घेतला आणि दुसरा अर्धा दारात उभा ठेवला. व्याकरण चालवा, पृथक्करण करा, रिकाम्या जागा भरा. हाच साचा बोटीनं आपल्याकडे आला. मी मराठी माध्यमाचा. रेन आणि मार्टिन या जोडगोळीचं व्याकरण आणि तर्खडकरांची भाषांतरमाला यांवर वाढलेला. (यातले रेन हे हिंदुस्थानातल्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे 'बो जेस्ट' ही साहसकथा लिहून गाजले, म्हणजे व्याकरणकाराला रंजक लिहिता येतं याचा आणखी एक पुरावा.) कुठल्याही इंग्रजी वाक्याची मी चिरफाड करून दाखवायचो. पण इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात बसच्या ड्रायव्हरशी धड दोन वाक्यं बोलता आली नाहीत.

निबंधाचं काय? तिथं आकडे बघितले की इंजिनिअरला घाम फुटतो. १८९० मध्ये फ्रान्सिस एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञानं एक लॅटिन गद्याचा पेपर २८ अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतला. मार्क आले ४५ पासून १०० पर्यंत. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीचे दोन पेपर जसेच्या तसे छापून शाळांना पाठवले. १४२ शिक्षकांनी तपासले. एका पेपरला ६४ ते ९८, दुसऱ्याला ५० ते ९७. म्हणजे एकाच्या मते जेमतेम, दुसऱ्याच्या मते जवळजवळ पैकीच्या पैकी. 'इंग्रजीत असं होणारच, गणितात होत नाही' असं लोक म्हणाले, म्हणून त्या दोघांनी पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर पाठवला. त्यात तफावत आणखी मोठी निघाली!

सगळ्यांत मोठा धक्का दिला तो फिलिप हार्टोग यांनी. हे नाव आपल्याकडेही ओळखीचं असायला हवं. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि हिंदुस्थानातल्या शिक्षणावरचा १९२९ चा हार्टोग समितीचा अहवाल त्यांचाच. मुलांना लिहायला कसं शिकवावं यावर त्यांनी १९०७ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. १९३५ मध्ये त्यांनी आणि ऱ्होड्स यांनी परीक्षांचीच परीक्षा घेतली. शालान्त परीक्षेच्या पातळीचे इतिहासाचे १५ पेपर परीक्षकांना दिले. वर्ष-दीड वर्षानं तेच पेपर त्यांतल्या १४ जणांना पुन्हा दिले, आधीचे मार्क न दाखवता. एकूण २१० निकाल. त्यांतल्या ९२ निकालांत त्याच परीक्षकानं त्याच पेपरला वेगळा शेरा दिला, नापासचा पास, पासचा क्रेडिट, आणि उलटही. माझ्या पोराच्या बाबतीत निदान माणसं दोन होती. इथं माणूस तोच, पेपर तोच, फक्त मधे एक हिवाळा गेला.

दरम्यान शिकवण्याच्या बाजूनं वारं फिरलं होतं. केंब्रिजच्या पर्स स्कूल या मुलांच्या शाळेत कॉल्डवेल कुक नावाचे शिक्षक मुलांना शेक्सपिअर वाचायला नव्हे, करायला लावायचे. बाकं बाजूला सारून नाटक उभं करायचं. १९१७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. १९२१ च्या न्यूबोल्ट अहवालानं इंग्रजी हा सगळ्या शिक्षणाचा पाया आहे असं सरकारी कागदावर आणलं. म्हणजे मुलाचं मन, कल्पना, अनुभव यांना वर्गात जागा मिळाली. परीक्षेत मात्र ते मोजायचा मायक्रोमीटर कुणाकडेच नव्हता.

उपाय सुचवले गेले नाहीत असं नाही. १९६६ मध्ये लंडनच्या जेम्स ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका परीक्षकानं तक्ता धरून बारकाईनं तपासण्यापेक्षा तिघांनी झरझर वाचून आपापल्या मनाला आलेला मार्क द्यावा, चौथ्यानं फक्त भाषेच्या चुका बघाव्यात, आणि सगळ्याची बेरीज करावी. ती बेरीज जास्त भरवशाची निघते. आम्ही कारखान्यात हेच करतो. एका वाचनावर विसंबू नका, तीन घ्या, सरासरी काढा. पण देशभरच्या पेपरांना तिप्पट परीक्षक आणायचे कुठून आणि त्यांना पैसे कोण देणार? तो उपाय फायलीत राहिला. १९८८ पासून जीसीएसई परीक्षा आली, तेव्हा काही मंडळांत इंग्रजीचा निकाल पूर्णपणे वर्षभराच्या कामावर देता येई. १९९४ पासून त्याला कात्री लागली आणि पुढे ते काम इंग्रजीच्या निकालातून पार काढून टाकलं. आता पुन्हा सगळा भार लेखी पेपरवर.

आणि आज? २०१८ मध्ये इंग्लंडच्या परीक्षा नियंत्रक संस्थेनं स्वतःच आकडे प्रसिद्ध केले. तज्ज्ञ परीक्षकानं दिली असती तीच ग्रेड मुलाच्या हातात पडण्याची शक्यता गणितात सुमारे ९६ टक्के. इंग्रजी भाषेत सुमारे ६१ टक्के. इंग्रजी साहित्यात ५८. बाकीच्यांपैकी बहुतेक एका पायरीनं इकडेतिकडे, हे खरं. पण त्या एका पायरीवर कॉलेजातला प्रवेश अडकलेला असतो.

ज्या तक्त्यानं पोराचा निबंध तपासला तो मग मी नीट बघितला. ४० पैकी २४ आशय आणि मांडणीला, १६ भाषेच्या अचूकतेला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी अ‍ॅबटनी केलेले तेच दोन ढीग! नियमात बसणारं आणि न बसणारं. दोन्ही शिक्षकांचे मार्क सुटे करून बघितले. १६ पैकी एकानं ११ दिले होते, दुसऱ्यानं १२. सगळा घोळ २४ मध्ये, तिथं ११ आणि १९. नियमाच्या ढिगात दोघांचं एकमत, दुसऱ्या ढिगात एकाला एसटी स्टँड दिसला आणि एकाला नाही. पहिल्यांनी समासात लिहिलं होतं, 'तपशील फार, अर्थ अस्पष्ट'. दुसऱ्यांनी त्याच परिच्छेदासमोर लिहिलं होतं, 'मी तिथं उभा होतो'.

पोराला मी सांगितलं की तुझं इंग्रजी २२ नाही आणि ३१ ही नाही. हा आकडा म्हणजे भिंतीवर पडलेली तुझ्या निबंधाची सावली आहे, आणि दिवा दर वेळी दुसरीकडे ठेवलेला असतो. चुकांचे १६ मात्र सावलीचे नाहीत, तिथले चार-पाच तू स्वतः मिळवू शकतोस, ते आधी मिळव. तो म्हणाला, "आणि बाकीचे?" म्हटलं, "बाकीचं शिकवायला अवघड आणि शिकायला त्याहून अवघड, असं एका फार मोठ्या हेडमास्तरनं लिहून ठेवलंय. तू लिहीत राहा आणि वाचत राहा." समाधान झालं असं दिसलं नाही. मी त्याच्या वयाचा असतो तर माझंही झालं नसतं. त्याला सहा महिन्यांनी सावलीचीच गरज लागणार आहे.

पण एक शीर्षक काही डोक्यातून जाईना. इंग्रज लोकांसाठी इंग्रजीचे धडे. स्वतःची भाषा आपोआप येते हा भ्रम इंग्रजांनी सोडला, तेव्हा कुठे त्यांच्या शाळांत त्यांची भाषा आली. इकडे रानड्यांना विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून आयुष्याच्या शेवटापर्यंत भांडावं लागलं. आणि मी? मुलाचा पावसाळ्यातला एसटी स्टँड मी पुन्हा पुन्हा वाचला. आजोळच्या गावचा स्टँड आहे तो. त्यात भिजलेली पिशवी आहे, कंडक्टरची घंटी आहे, आजीचं 'बस बाबा इथं' सुद्धा आहे, रोमन लिपीत लिहिलेलं. कारण त्याला मराठी बोलता येतं, लिहिता-वाचता येत नाही. ती येईलच आपोआप, असं मी पंधरा वर्षं धरून चाललो होतो.

हा लेखही त्याला मलाच वाचून दाखवावा लागला. त्या रविवारपासून आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर अर्धा तास बसतो. बाराखडी झाली, आता जोडाक्षरं चालू आहेत, 'स्टँड' लिहिता येतो. मार्क द्यायचे नाहीत असं आमचं आधीच ठरलंय.